कशावर बसला होता

कार्ड. कारभारी गाडेकर, राहाता. १९ सप्टेंबर १९७१.
"आज पाटाचं पाणी आलं. झाडांची आळी भरली. ताटल्या फांदीला टांगल्या. मोसंबीचा रस पिणारे पतंग ४१. नवीन काही नाही."

पाटाच्या पुलावरचा फलक.
"ता. ८ ऑक्टोबर १९७२ पासून पाटाचे पाणी फक्त पिण्यासाठी सोडण्यात येत आहे. शेवटच्या वस्तीचे तळे भरेपर्यंत सर्व चाऱ्यांची दारे कुलूपबंद राहतील."

जबाब. बायडाबाई, शेवटची वस्ती. अंगठा डावा.
"तळ्यात हंडा आडवा केला तरी भरंना. पानी यायचं हुतं मंगळवारी, आलं गुडघाभर चिखूल. कारभारी गाडेकर पिपाची गाडी धाडतात म्हून जीव हाय. दहा तारखेला दिस उगवताना पयली गाडी आली. तवा आमाला बी ठावं नव्हतं की तळं भरनार न्हाई."

कार्ड. साळूबाई, शेंडी, भंडारदरा धरणाजवळ. अक्षर पोस्टमास्तरांचं. १२ ऑक्टोबर १९७२.
"साळूबाई सांगतात ते लिहितो. सोमवारी रातच्याला बंगल्याच्या दिव्यापाशी लई मोठं पाखरू आलं. दोन तळहात जोडले तेवढं. पंखाच्या टोकांना सापाचं त्वांड. भितीला घासून उजव्या पंखाचं टोक तुटलं. तुकडा पाव्हण्यांनी ठिवून घेतला. पाखरू टोपलीखाली झाकलंय, आंडी घालतंय. मेलं की डब्यात धाडते."

एक काड्यापेटी. आत कापूस. कापसावर पंखाचा तांबूस तुकडा. तुकड्याला डोळा आहे, जबड्याची रेघ आहे. सापाचं तोंड, डावीकडे पाहणारं.

कार्ड. कारभारी गाडेकर, राहाता. शिक्का ११ ऑक्टोबर १९७२.
"९ ची रात्र. एक वाजता ॲटलस पतंग बागेत आला. फांदीला टांगलेल्या ताटलीवर बसून गुळपाणी पीत होता. सोबत पाटकरी गोरक्ष भांगरे, रात्री दहापासून उजाडेपर्यंत. पंखाचा तुकडा पाठवला आहे."

पत्र. पाटबंधारे खात्याचे उपअभियंता यांजकडून, श्रीमती कृपा अमोलिक, अहमदनगर यांस.
"गोरक्ष भांगरे, पाटकरी (निलंबित), यांनी आपल्या बचावार्थ कारभारी गाडेकर यांनी आपणांस पाठविलेल्या कार्डाचा आधार घेतला आहे. सदर नोंद विश्वसनीय आहे किंवा कसे, याबाबत आपले लेखी मत सोमवार दि. २३ रोजी सकाळी अकरा वाजता समक्ष द्यावे. जबाबांच्या नकला सोबत."

पाहणारा

कृपाबाई अमोलिक मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवत. वय एक्कावन्न. जिल्ह्यात कुठे कोणता पतंग दिसला याची नोंद त्या नऊ वर्षं ठेवत होत्या. कुणी सांगितलं नव्हतं. वर्गात एकदा एका मुलीने विचारलं होतं की दिव्यावर येणाऱ्या पाखरांना नावं असतात का, आणि बाईंना उत्तर आलं नव्हतं. तिथून सुरुवात.

सहा माणसं त्यांना कार्डं पाठवत; शेंडीच्या साळूबाई त्यांतल्याच. बाईंनी कार्डांवर रकाने छापून घेतले होते: पाहणारा, ठिकाण, सोबत कोण, अवस्था, कशावर बसला होता, शेरा. नाव चुकलं तरी चालेल, असं त्या प्रत्येकाला बजावत. कशावर बसला होता ते चुकायला नको.

सहा जणांत कारभारी गाडेकर सगळ्यांत पक्का. मोसंबीच्या बागेवर रात्री रस पिणारे पतंग येतात, फळाला भोक पाडतात, फळ गळतं. त्यांना मारायला तो झाडांखाली गुळपाण्याच्या ताटल्या ठेवायचा आणि सकाळी मेलेले मोजायचा. मोजायचेच आहेत तर बाईंना कळवू, एवढाच त्याचा हिशेब. चार वर्षांत त्याची एकशे बारा कार्डं आली होती. बाईंनी त्यातलं एकही कधी तपासलं नव्हतं.

शनिवारी दुपारी शेंडीहून चहाच्या डब्यात साळूबाईंचं पाखरू आलं. ॲटलस पतंगच. मेलेलं, पण कोरडं आणि नीट. बाईंनी डबा टेबलावर ठेवला. शेजारी काड्यापेटी ठेवली. मग उपअभियंत्यांचं पत्र परत वाचलं.

प्रकरण साधं होतं. नऊ तारखेच्या रात्री कुणीतरी सात नंबरच्या चारीचं, म्हणजे पाटातून रानांकडे जाणाऱ्या फाट्याचं, दार उघडलं. सकाळी दहा वाजता कालवा निरीक्षक आले तेव्हा दार बंद, कुलूप जागेवर, पण चारी ओली. कुलूप फोडलेलं नव्हतं. किल्ल्या दोन. एक ऑफिसात खिळ्याला, एक दारं उघडझाप करणाऱ्या पाटकऱ्याच्या, गोरक्षच्या कमरेला. पाणी कुणाच्या रानात गेलं ते सांगता येईना, कारण सिंचनाची पाळी सात तारखेलाच संपली होती आणि बहुतेक सगळी रानं ओली होती. शेवटच्या वस्तीचं तळं मात्र कोरडं राहिलं.

नोंद खरी असेल तर गोरक्ष भांगरे रात्रभर बागेत होता आणि सुटला. नोंद खोटी असेल तर त्याची नोकरी गेली.

आणि नोंद खोटी होती. ते कळायला बाईंना अर्धं मिनिटही लागलं नव्हतं. ॲटलस पतंगाला तोंड नसतं. अळी असताना तो खाऊन घेतो, पंख फुटल्यावर आठ-दहा दिवस त्या साठ्यावर जगतो आणि मरतो. तो गूळ पीत नाही. तो काहीच पीत नाही.

पण तुकडा खरा होता.

रविवारची उपासना बाईंनी अकरा वर्षांत चुकवली नव्हती. त्या रविवारी त्यांनी सकाळी साडेसहाची राहात्याची एस.टी. धरली. पिशवीत डबा, काड्यापेटी, आणि दोऱ्याने बांधलेली कारभाऱ्याची कार्डं, नवं धरून एकशे तेरा.

ठिकाण

गोरक्ष भांगरे पाटबंधारे वसाहतीतल्या शेवटच्या खोलीत राहायचा. मूळचा अकोले तालुक्यातला, राहात्यात वाढलेला, पन्नाशी ओलांडलेला, लांब हातांचा माणूस. अंगात खाकी सदरा होता, खांद्यावरचा पितळी बिल्ला मात्र काढून घेतलेला. बिल्ल्याच्या जागी दोन भोकं.

"चा टाक गं," तो आत म्हणाला.

"साखर न्हाई," आतून त्याची बायको लंकाबाई म्हणाली. "गुळाचा चालंल का इचार बाईंना. गुळाचं लई ग्वाड कवतिक चाललंय सध्या."

गोरक्षने मान खाली घातली. बाई पाटावर बसल्या.

"सांगा गोरक्षभाऊ. त्या रात्री काय झालं?"

त्याने पाठ केल्यासारखं सांगितलं. रातच्या धा वाजता कारभाऱ्याच्या बागेत गेलो. गप्पा मारीत बसलो. एक वाजता पाखरू आलं. उजाडंपतूर तिथंच हुतो. किल्ली कमरेला हुती.

"पाखरू कसं होतं?"

इथे तो पाठ केलेलं विसरला. हात पसरले. "बाई, आसं पाखरू मी जल्मात पायलं न्हाई. अंगावर लोकर. पंखाला काचेवानी खिडक्या. हात लावला तर पळंना. थरथर थरथर करीत नुसतं बसून."

"कशावर बसलं होतं?"

"भितीवर."

आत कपबशीचा आवाज थांबला.

"म्हंजी ताटलीवर," गोरक्ष म्हणाला.

"मोसंबीच्या बागेत भिंत आहे का?"

"न्हाई."

लंकाबाई चहा घेऊन बाहेर आली. कप बाईंपुढे ठेवला आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "ह्यांना खोटं बोलता येत न्हाई. लग्नात बी कमी वय सांगायचं ठरलं हुतं, ह्यांनी खरं सांगितलं."

"तू गप," गोरक्ष म्हणाला. "बाई, तुमी उद्या लिवून द्या की नोंद बरुबर हाय. येवढंच माजं मागणं हाय. चार वरसं ऱ्हायलीत नोकरीची."

बाईंनी चहा संपवला. त्यांना दोन गोष्टी कळल्या होत्या. या माणसाने पतंग पाहिला होता. आणि तो बागेत पाहिला नव्हता.

डबा त्यांनी अजून उघडला नाही. आधी सात नंबरच्या चारीवरच्या एका शेतकऱ्याला भेटायचं होतं. गावातल्या प्रत्येकाच्या मते चोर तोच होता.

सोबत कोण

काकासाहेब चारीच्या तोंडाशीच बाजेवर बसून दात कोरत होते. पंधरा एकरांचा धनी, ऑफिसातल्या कारकुनाचा साडू. म्हणजे खिळ्याला टांगलेली किल्ली त्यांच्या हाताच्या अंतरावर, असं गाव म्हणायचं.

"या मास्तरीणबाई. चोराच्या घरी या. पाणी मागू नका, पाण्याचंच नाव खराब हाय आमचं."

"तुम्ही उघडलं का दार?"

काकासाहेब हसले. "असं तोंडावर कुणी इचारलं न्हाई आजून. साहेब बी न्हाई. चला, रान बघा माझं."

बाई बाजेमागे गेल्या. पंधरा एकर मोकळी जमीन. उसाचे बुडखे वाळून पांढरे पडलेले.

"ऊस कवाच तोडला आन् जनावरांच्या छावणीला दिला. दसऱ्याआधी पंधरा दिस. आता सांगा, रिकाम्या रानाला चोरून पाणी पाजायला मी येडा हाय का?"

"हे साहेबांना सांगितलंत?"

"मला साक्षीला बोलावलंच न्हाई. चोर म्हणून बोलावलं. चोरानं आपल्या रानाचं वर्णन करायचं नसतं." त्यांनी काडी फेकली. "आनखी एक सांगू? गोरक्ष चोर न्हाई. नऊ तारखेला दुपारी बाराला तो संगमनेरच्या गाडीत बसला. हातात पिशवी, पिशवीत डिंकाचे लाडू. मी स्टँडवर हुतो, वास आला. दुसऱ्या दिशी दुपारी उतरला. मंग रात्री कारभाऱ्याच्या बागेत गप्पा मारायला काय त्याचं भूत आल्तं?"

"तुम्ही हे का नाही बोललात?"

"बोललो तर डूटी सोडून गेला म्हून त्याची नोकरी जाईल. न बोललो तर चोर म्हून जाईल. मंग माझं तोंड कशाला इटाळू?"

डिंकाचे लाडू बाळंतिणीला नेतात. बाई चारीच्या बांधाने परत वसाहतीकडे चालू लागल्या. शेंडीच्या कार्डात एक शब्द होता, जो त्यांनी नीट वाचलाच नव्हता. तुकडा पाव्हण्यांनी ठेवून घेतला. कोण पाहुणे, ते साळूबाईंनी सांगितलं नव्हतं आणि बाईंनी विचारलं नव्हतं. छापील कार्डात तसा रकाना नव्हता.

अवस्था

गोरक्षच्या खोलीत बाईंनी चहाचा डबा उघडला. कापसावरून पाखरू उचलून पाटावर ठेवलं. काड्यापेटीतला तुकडा चिमट्याने धरला आणि उजव्या पंखाच्या तुटक्या कडेला लावला. कड बसली. कडेवरची पांढरी नागमोडी रेघ या तुकड्यातून त्या पंखात अखंड गेली.

लंकाबाई गुडघ्यावर बसून बघत राहिली. "आपल्या भागूच्या घरचं पाखरू," ती म्हणाली.

भागूबाई त्यांची मुलगी. शेंडीला दिलेली. साळूबाई तिची सासू, भंडारदऱ्याच्या बंगल्यावर स्वयंपाकाला; बिऱ्हाडही तिथल्याच आवारात. नऊ तारखेला सकाळी निरोप आला होता की भागूबाई दोन दिवस अडली आहे आणि बापाला बोलावते आहे.

"रजेचा अर्ज का नाही दिलात?"

"पिन्याच्या पाण्याची पाळी चालू, बाई. रजा कुनालाच न्हाई. मागून बी मिळाली नसती." गोरक्ष पाखराकडे बघत होता. "रात्री पोरगी सुटली. नात झाली. मी भाईर आलो तर दिव्याखाली भितीवर हे बसलेलं. मी म्हनलं, नातीबरुबर आलंय. पंखाचं टोक खाली पडलं हुतं, ते सदऱ्याच्या खिशात टाकलं."

"म्हणजे दार उघडलं तेव्हा तुम्ही शंभर किलोमीटर लांब होतात. हे सांगितलं असतंत तर चोरीचा आळच आला नसता."

"डूटी सोडल्याचा आला असता. कारभारी म्हनला, त्यापरीस मी लिवतो की तू माझ्यासंग हुतास. माझ्या कार्डाला बाई मानतात. तुकडा दे, पुरावा हुईल."

"कारभारी म्हणाले."

"व्हय. त्यानं माझ्यापायी खोटं लिवलं, बाई. त्याला काय बोलू नका."

बाईंनी पाखरू डब्यात ठेवलं. त्यांना एकच विचारायचं होतं आणि उत्तर नको होतं.

"शेंडीला जाताना किल्ली नेली होती का?"

गोरक्षचा हात कमरेकडे गेला. लंकाबाईने त्याच्याकडे पाहिलं.

"कुनाकडं तरी ठिवायलाच लागनार," तो म्हणाला. "रात्री येकदा कुलपावर नजर टाक म्हनलं. माझा लहानपनापासूनचा सोबती हाय त्यो."

कशावर

कारभाऱ्याची बाग चारीच्या मध्यावर. तीनशे झाडं, अकरा वर्षांची. दुष्काळात गावभर हिरवं म्हणावं असं एवढंच उरलं होतं. मोसंबी लिंबाहून मोठी, पण अजून पिकायची होती. पानांच्या कडा वळलेल्या.

"बाई, तुमी हितवर आल्या," कारभारी म्हणाला. बुटका, कानांवर केस असलेला, सदऱ्याच्या खिशात पेन. "आधी कळवायचं ना. बसायला घोंगडं टाकतो."

"बसत नाही. बाग दाखवा."

तो पुढे चालला. आळी कोरडी, भेगाळलेली. प्रत्येक चौथ्या झाडाच्या बुंध्याशी, आळ्यात, एक ॲल्युमिनियमची ताटली. तळाला गुळपाणी, त्यात पाच-सात मेलेले पतंग, पिवळ्या पंखांचे. बाई वाकल्या, एक उचलला, त्याची सोंड नखाने उलगडली. टाचणीसारखी टोकदार.

"हा पिणारा."

"व्हय. ह्यानंच वाटोळं केलं."

"ताटली बुंध्याशीच ठेवता?"

"बुंध्याशी गारवा आसतो, पतंग खालून वर चढतो. चार वरसं तसंच करतोय."

"फांदीला कधी टांगता?"

"आळ्यात पानी सोडलं की. न्हाईतर ताटल्या तरंगत जात्यात, गूळ वाया."

हे बोलून तो थांबला नाही. त्याला अजून काही कळलं नव्हतं. बाईंनी पिशवीतून कार्डांचा गठ्ठा काढला आणि घोंगडं न टाकलेल्या जमिनीवर बसल्या.

"एकशे तेरा कार्डं आहेत, कारभारीभाऊ. एस.टी.त सगळी वाचली. ताटल्या फांदीला टांगल्या, असं सतरा कार्डांत आहे. सोळा वेळा त्याच कार्डावर लिहिलंय, आज पाटाचं पाणी आलं. सतराव्यात पाण्याचं नाव नाही." त्यांनी वरचं कार्ड पुढे धरलं. "हे ते."

कारभाऱ्याने कार्ड घेतलं. आपलंच अक्षर बराच वेळ वाचलं.

"पाळी सातला संपली," बाई म्हणाल्या. "आठला दारांना कुलपं लागली. नऊच्या रात्री तुमच्या आळ्यात पाणी होतं. किल्ली तुमच्याकडे होती. आणि दहाला दिवस उगवताना तुमची पिपाची गाडी शेवटच्या वस्तीवर उभी होती. निरीक्षकांना दहा वाजता कळलं. बायडाबाईंना त्याहून उशिरा. तळं भरणार नाही हे उजाडताना एकाच माणसाला माहीत होतं."

तो बांधावर टेकला. होला घुमत होता.

"येक तास उघडनार हुतो," तो म्हणाला. "फकस्त येक तास. तेवढ्यानं तळ्याला काय फरक पडला नसता. पाळीचं पानी अर्ध्या बागेलाच पुरलं. फळं हातातोंडाशी आलीत. येक पानी मिळालं तर झाडं जगतील, न्हाईतर अकरा वरसांची बाग चुलीत. ताटल्या टांगल्या, पानी घेतलं आन् बाजेवर टेकलो. धा दिस झोपलो नव्हतो, बाई. जागा झालो तवा चार वाजले हुते. पाट रिकामा."

"मग दार बंद केलंत."

"दार बंद केलं. हिरीत पिन्यापुरतं हाय, ते पिपात भरलं. त्या दिवसापासून रोज दोन फेऱ्या धाडतोय."

"आणि गोरक्षला वाचवलंत."

त्याने बांधावरचं ढेकूळ उचलून चुरलं.

"एका कार्डात दोघांना वाचवलंत. तो तुमच्यासोबत होता, म्हणजे तुम्हीही त्याच्यासोबत होतात. त्याला अजून वाटतंय की तुम्ही त्याच्यासाठी खोटं बोललात."

"त्याच्यासाटी बी बोललो," कारभारी म्हणाला. मग हळू, "आधी माझ्यासाटी."

बाईंनी कार्ड परत घेतलं. "मला एक कळत नाही. सगळं खोटं लिहायचं होतं, तर पतंग गुळपाणी पीत होता असं कशाला लिहिलंत? ॲटलसला तोंडच नसतं."

कारभाऱ्याने मान वर केली. त्याला खरंच नवल वाटलं. "तोंड नसतं? मंग जगतं कशावर?"

"आधीच्या खाल्ल्यावर."

"मला काय म्हाईत. माझ्याकडं येतं ते पाखरू प्यायलाच येतं."

"बरं. मग ताटली तरी जमिनीवर ठेवायची. टांगलेली कशाला लिहिलीत?"

कारभाऱ्याने खिशातलं पेन काढलं, बघितलं, परत ठेवलं.

"त्या रात्री टांगलेली हुती, बाई," तो म्हणाला.

शेरा

निघताना बाई एवढंच म्हणाल्या की उद्या अकराला मी ऑफिसात असेन, आणि मला जे माहीत आहे ते लिहून देईन. तुम्ही साडेदहाला आलात तर मला कमी लिहावं लागेल.

सोमवारी कारभारी दहाला आला होता. सायकल झाडाला टेकवून, टोपी हातात घेऊन व्हरांड्यात उभा. गोरक्ष बाकावर बसला होता. दोघांत एक माणूस बसेल एवढी जागा होती. काकासाहेब कुणी बोलावलं नसताना आले आणि त्या जागेत बसले.

"मी मदी बसतो," ते म्हणाले. "चोराची सवय गेली न्हाई आजून."

उपअभियंत्यांनी आधी कारभाऱ्याचं ऐकलं. मग बाईंना डबा उघडायला लावला आणि तुकडा स्वतः लावून पाहिला. त्यांनी विचारलं, "हे पाखरू गूळ पीत नाही, हे तुम्ही लिहून द्याल?"

"देईन."

"आणि हे राहात्याला कधीच आलं नाही?"

"आलं. काड्यापेटीतून."

निकाल महिन्याने लागला. विनापरवानगी गैरहजर राहिल्याबद्दल गोरक्षची एक वेतनवाढ रोखली आणि बदली कोपरगावकडे केली. बिल्ला परत मिळाला. सात नंबरच्या चारीवरचा कारभारी गाडेकरचा पाण्याचा हक्क दोन हंगामांपुरता काढून घेतला. उन्हाळ्यात बागेची तीनशेपैकी दोनशे चाळीस झाडं वाळली. पिपाची गाडी वस्तीवर पुढच्या पावसाळ्यापर्यंत जात राहिली. बायडाबाईला कारण कळलं तेव्हा तिने पहिल्या दिवशी पिपं परत पाठवली आणि दुसऱ्या दिवशी ठेवून घेतली.

गोरक्ष कोपरगावला जाताना कारभाऱ्याच्या बागेवरून गेला. थांबला नाही. लंकाबाईने टेम्पोतून हात केला, मग तो हात पदरात घेतला.

बाईंनी नोंदवहीत ९/१० ऑक्टोबरची राहात्याची ओळ तांबड्या शाईने खोडली. खाली शेंडीची ओळ लिहिली. पाहणारा: साळूबाई. सोबत कोण: गोरक्ष भांगरे. कशावर बसला होता: भिंतीवर. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "पतंग खरा."

एकशे तेरावं कार्ड त्यांनी फाडलं नाही. गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवलं आणि दोरा बांधला. राहात्याहून त्यानंतर कार्ड आलं नाही.

गठ्ठ्यात सगळ्यात खालचं, कारभाऱ्याचं पहिलं कार्ड १७ जून १९६८चं आहे. त्यावर लिहिलं आहे: "पतंगाचं नाव माहीत नाही. दिसलं तेवढं लिहितो."